लगीनघरातलं काय स्वतःकडे ठेवावं आणि काय पॅकेजवाल्याला द्यावं?

कृष्णाकाठचा

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलंय. तुळशीची लग्नं उरकली की मुहूर्त सुरू होतात, त्यातलाच अगदी सुरुवातीचा एक धरलाय, म्हणजे हातात तसा वेळ आहे. गाव आमचं वाळवा तालुक्यात, मुलाकडचे कराडचे, मी आणि बहीण दोघंही नोकरीपायी पुण्यात आणि आईबाबा गावी.

बाबांनी कार्यालयवाल्याशी बोलून घेतलंय आणि तो सगळंच करतो. स्टेज, फुलं, जेवण, फोटो, व्हिडिओ, ड्रोन, नवरीची एन्ट्री (धुरातून येते म्हणे), हळदीला पिवळे पडदे आणि पिवळी सायकल, सायकल कशाला ते मी विचारलं नाही. रुखवतसुद्धा भाड्याने मिळतं! पाहुण्यांनी बघून झालं की तो गुंडाळून पुढच्या लग्नाला नेतो. बाबांचं म्हणणं एका अर्थी बरोबर आहे, त्यांची साठी उलटलीय, गुडघे दुखतात, भावकीतली पोरं सगळी बाहेरगावी, गाद्या कोण आणणार, पाण्याचा टँकर कोण सांगणार, आचाऱ्याच्या मागे कोण फिरणार. एक रक्कम दिली की डोक्याला ताप नाही.

पण आई परवा फोनवर म्हणाली, "मग आम्ही काय करायचं रे, साड्या नेसून खुर्च्या धरायच्या का?" आणि आत्या तर चिडूनच बसलीय, तिचं म्हणणं असं की घरात चार सुपं हळद-तांदूळ पाखडल्याशिवाय ते लगीनघर कसलं.

मला विचाराल तर लहानपणच्या लग्नांतलं मला एकही स्टेज आठवत नाही. आठवतं ते माडीवर ओळीनं टाकलेल्या गाद्या, त्यावर चुलत-मावस सगळी पोरं आडवीतिडवी, आणि पहाटे चुलवण पेटवलं की येणारा धुराचा वास. आचारी झाऱ्यावर पीठ ओतून तो कढईच्या काठावर ठक ठक आपटायचा आणि खाली तेलात बुंदी पडायची, पाकात जायच्या आधीची ती अळणी गरम बुंदी आम्ही पोरं मूठमूठ खायचो, ओरडा बसेपर्यंत. आता हे पॅकेजमध्ये कुठल्या कॉलममध्ये लिहायचं?

तर प्रश्न असा की ज्यांच्याकडे नुकती लग्नं झालीत त्यांनी सांगा, सगळं काही घरी करणं आता शक्य नाही हे मान्य, पण कुठल्या गोष्टी आपल्या हातात ठेवल्या तर घर लगीनघर वाटतं? आणि कुठल्या बिनधास्त देऊन टाकाव्यात? खर्चाचा धागा करू नका प्लीज, तो विषय निघाला की भांडणं होतात :)

मसालेभात_मठ्ठा

आधी अभिनंदन! गेल्या वर्षी लेकीचं केलं, ताजी ताजी आहे, सांगते.

स्टेज, मांडव, जेवण, गाद्या, भांडी घासणं हे सगळं डोळे मिटून द्या. पण लग्नाच्या आधीचे जे दिवस असतात ना ते कुणालाही देऊ नका, खरी मजा त्यातच आहे आणि पॅकेजवाल्याला त्यात फारसं काही करताही येत नाही. केळवणं घ्या. आजकाल मुलींना सुट्टी नसते म्हणून दोन-तीन केळवणं एकत्र हॉटेलात उरकतात, तसं नका करू. पुण्यात ज्या ज्या नातेवाइकांची घरं आहेत त्यांच्याकडे शनिवार-रविवारी जाऊ दे तिला. प्रत्येक घरची आमटी वेगळी लागते आणि लग्न झाल्यावर तिला नेमकं तेच आठवणारे. आमच्या एका वहिनीने तर केळवणाला साधं पिठलं-भात आणि ताकाची कढी केली होती, कारण लेकीला लहानपणापासून तिच्याच हातचं पिठलं आवडायचं. पाटाभोवती रांगोळी, वाटीत पिठलं. हसून हसून पुरेवाट.

दुसरं चुडा. कार्यालयात "बँगल सेरेमनी" म्हणून एक कोपरा करतात, गादी-तक्के लावून, तिथे बायका ओळीने हात पुढे करतात आणि फोटो काढतात. त्यापेक्षा कासाराला घरी बोलवा. ओळखीचा असेल तर उत्तमच, तो हात बघूनच माप सांगतो. नवरीचा हात दाबून, अंगठ्याखालचा मऊ भाग आत दुमडून तो एकेक बांगडी अशी काही सरकवतो की बघत राहावं, आणि नवरी आई गं आई गं करतेय आणि बाजूला सगळ्या बाया तिला हसतायत. मग ज्या आल्यात त्या सगळ्यांना हिरव्या बांगड्या, शेजारणींना, धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींना, कामाच्या गडबडीत ज्या आल्याच नाहीत त्यांच्या मापाच्या कागदात बांधून. यात अख्खी दुपार जाते. जाऊ दे!

हळद दळायची असेल तर जातं आहे का घरात? नसेल तर शेजारच्या कुठल्या तरी घरी परड्यात पडलेलं असतंच, धुऊन आणा. जात्याच्या खुंट्याला आंब्याची पानं आणि हळकुंड बांधायचं, चार बायका दोन दोन करून बसतात, हळकुंडं टाकायची आणि ओव्या म्हणायच्या. ओव्या कुणालाच येत नाहीत अशी आमची खात्री होती आणि समोरच्या आजींनी सुरू केल्यावर एकेकीला आपोआप आठवत गेल्या. लेकीने फोनवर रेकॉर्ड करून ठेवल्यात, त्यात मधेच मिक्सरचा आवाज आहे आणि कुणीतरी गॅस बंद कर म्हणून ओरडतंय.

भाड्याचं रुखवत मात्र नको हो. थोडं मांडा पण घरचं मांडा. शेवयाचं घर आणि चकलीची विहीर करणारी एखादी मावशी प्रत्येक घरात असते, तिला विचारायची खोटी.

तापीकाठ

बाकी काही करा ना करा, बुफे करू नका भाऊ. निदान एक पंगत तरी बसवा.

आमच्याकडे खान्देशात अजून गावाकडच्या लग्नात वरण-बट्टी असते. गव्हाचं जरा जाडसर पीठ, त्यात ओवा, हळद, मीठ आणि तेलाचं मोहन घालून घट्ट मळायचं, त्याचे गोळे उकडायचे किंवा भाजायचे, मग फोडी करून तळायच्या. सोबत तुरीचं वरण, त्यावर तूप आणि वांग्याची घोटलेली भाजी. केळीच्या पानावर बट्टी कुस्करून वरणात कालवली की माणूस बोलत नाही, नुसती मान हलवतो. गल्लीतली माणसं स्वतः उभं राहून करतात, बायका नाही, पुरुष. वांगी घोटायला जो माणूस असतो तो गावात त्याच कामासाठी ओळखला जातो आणि लग्नाच्या दिवशी त्याचा रुबाब नवरदेवापेक्षा जास्त असतो, त्याच्या मोठ्या पातेल्यात कुणी चमचा घालून दाखवावा.

पण मी पंगत म्हणतोय ती जेवणासाठी नाही, वाढण्यासाठी. शहरात वाढलेल्या पोरांना वाढायला लावा. आमच्या चुलत्यांनी मला शिकवलं तेव्हा मी आठवीत असेन, पानाच्या वरच्या बाजूला मधोमध मीठ, डाव्या हाताला लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजव्या हाताला भाज्या, मध्ये भात, त्यावर वरण, त्यावर तूप, आणि तूप पडेपर्यंत कुणी पानाला हात लावायचा नाही. ओगराळं बादलीत बुडवून वर काढलं की बादलीच्या काठाला एकदा टेकवायचं, नाहीतर थेंब पाहुण्याच्या धोतरावर. कुणी नको म्हटलं तर कुठलं नको खरं आणि कुठलं खोटं हे तोंड बघून ओळखायचं. पानावर आडवा हात धरतो आणि बोटं फाकवतो तो खोटा, त्याला वाढायचं. आख्खं पान झाकून ओणवा होतो तो खरा. एक पंगत वाढली की तुमच्या त्या पुण्याच्या पोरांना सगळी भावकी चेहऱ्यानिशी पाठ होते, कोण सोयरा, कोण भाऊबंद, कुणाला शुगर आहे, कोण गोड मागून घेतो.

तुमच्याकडे सांगली-कोल्हापूरला खपली गव्हाची खीर असते ना? ती ठेवा की. चायनीजचा काउंटर कशाला.

मुदपाकखान्यातून

वरचे सगळे प्रतिसाद गोड आहेत पण मला जरा वेगळं म्हणायचंय, राग मानू नका.

धागाकर्ते दादा, पहाटे तुम्ही बुंदी खात होतात तेव्हा तुमची आई काय करत होती? मी सांगते, ती त्याच्याही आधी उठली होती, पाहुण्यांच्या आंघोळीचं पाणी तापवत होती आणि त्यानंतर सगळ्यांचा चहा. माझ्या सख्ख्या मावशीच्या लग्नात माझ्या आईने मंगलाष्टकं मागच्या खोलीत चटणी वाटता वाटता ऐकली. लग्नाच्या अल्बममध्ये ती एकाही फोटोत नाही, एका फोटोत फक्त तिचा हात आहे, ताट पुढे करताना. बांगड्यांवरून ओळखतो आम्ही. त्यामुळे कुणी "पूर्वी लग्नं कशी घरची वाटायची" म्हटलं की मी पहिल्यांदा हे विचारते की घरात नक्की कुणाला वाटायची.

म्हणून माझं मत साफ आहे. ज्या कामाला उभं राहावं लागतं ते काम विकत घ्या. स्वयंपाक, चहा, भांडी, अंथरुणं, झाडलोट, आणि हो, कोठीच्या खोलीवर लक्ष ठेवणं पण. बसून करायची कामं घरी ठेवा. हळद दळा, बांगड्या भरा, अक्षतांचे तांदूळ निवडून कुंकू लावा, रुखवताच्या करंज्यांना मुरड घाला, आहेराच्या साड्यांवर नावाच्या चिठ्ठ्या लावा. त्यात गप्पा होतात, रडू येतं, कुणाचं तरी जुनं भांडण मिटतं, आणि पाय दुखत नाहीत. पहाटेचा चहा पुरुषांनी करायचा असा नियमच लावून टाका एकदाचा, बघू कितींना साखरेचा डबा सापडतो.

अजून एक. हळद, घाणा, चुडा, ओटी यात "सुवासिनीच हव्यात" हे कुठेतरी थांबवा. घरात ज्या काकी-आत्या विधवा आहेत त्या लग्नाच्या दिवशी कारण नसताना मागच्या दारी कामं शोधत फिरत असतात हे सगळ्यांनी पाहिलंय आणि सगळे न पाहिल्यासारखं करतात. तुमच्या शेजारच्याच कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने 2022 च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं हे सगळं बंद, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनेही परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना तसंच करायला सांगितलं. अख्खं गाव ठराव करू शकतं तर एका घराला काय अवघड आहे. लग्नाचा आनंद आनंद म्हणतो तो घरातल्या निम्म्या लोकांनी दारात उभं राहून बघायचा असेल तर मग पिवळी सायकलच बरी.

मसालेभात_मठ्ठा

@मुदपाकखान्यातून, शंभर टक्के. आमच्याकडे नणंदेला बोलावलं होतं चुड्याला, ती आधी नको नकोच म्हणत होती. कासारानेच विचारलं, "ताई, अडीचच्या का सव्वादोनच्या?" झालं, बसली.

कृष्णाकाठचा

बरं झालं लिहिलंत. आमची चिडलेली आत्या तीच. काकांना जाऊन बरीच वर्षं झाली आणि प्रत्येक लग्नात कोठीच्या खोलीची किल्ली कमरेला लावून ती आतच बसलेली असते, आम्हाला वाटायचं तिला हौस आहे. काल रात्री आईशी बोललो. आई म्हणाली जात्याला पहिला हात तिचाच लावू, आणि कुणी काही बोललं तर मी बघते. आईचं "मी बघते" म्हणजे विषय संपला.

कोठीची किल्ली आता बाबांकडे. गुडघे दुखतात ना, मग बसून करायचं काम ;)

खाडीपलीकडचा

पनवेलच्या पुढचा आगरी माणूस आहे, त्यामुळे हळदीबद्दल बोलायचा पहिला हक्क आमचा 😄 आमच्याकडे लग्न म्हणजे दुसऱ्या दिवशी उरकायची फॉर्मॅलिटी. खरं कार्य हळदीच्या रात्री. बेंजो लागला की आज्यापासून नातवापर्यंत सगळे रिंगणात आणि पहाटेपर्यंत कुणी घरी जात नाही. डीजे आल्यापासून कान जातात ते वेगळं, आता गावोगाव हळदीच्या खर्चावर बैठका पण होतात, साधी करा म्हणून. पण तो विषय नको म्हणालात म्हणून सोडतो.

मला सांगायचंय ते धवलारणीबद्दल. आमच्या भागात आधी लग्न लावायला भटजीची गरजच नसायची, धवलारीण यायची. म्हातारी बाई, नऊवारी, तोंडात पान, आणि पाठ असलेली गाणी एवढी की रात्र संपेल पण गाणी नाही संपणार. मांडव घालताना वेगळं गाणं, हळद लावताना वेगळं, न्हाऊ घालताना वेगळं, नवऱ्याला दारात घेताना वेगळं. देवांना बोलावते, गावदेवीला बोलावते, गेलेल्या आज्या-पणज्यांना नावानिशी बोलावते. या गाण्यांना धवले म्हणतात, आणि ही परंपरा किती जुनी तर तिकडे विदर्भात रिद्धपूरला महानुभाव पंथातल्या महदंबेने यादवांच्या काळात रचलेले धवळे मराठीतल्या सगळ्यात जुन्या कवितेत मोजतात, ते पण लग्नाचेच. वर डहाणू-जव्हारकडे वारल्यांच्यात धवलेरी असते, तिच्याशिवाय लग्न नाही, आणि घरातल्या भिंतीवर बायकांनी तांदळाच्या पिठाने काढलेला लग्नाचा चौक नसेल तरी लग्न नाही. मध्ये पालघट देवी आणि भोवती सगळं रान, झाडं, माणसं, जनावरं. आज जी वारली चित्रं कपबशीवर आणि कुर्त्यावर छापतात ती मुळात बायकांनी लग्नघराच्या भिंतीवर काढायची.

माझ्या चुलतभावाच्या हळदीला आम्ही बेंजोवाल्यांना तासभर गप्प बसवलं आणि धवलारणीला माइक दिला. पोरं आधी कुजबुजली, मग सगळ्यात मागून कुणीतरी तिच्यामागून ओळ उचलली, मग सगळ्या बाया. तासाचे दोन झाले. बेंजोवाला स्वतः खुर्ची घेऊन ऐकत बसला होता, तेवढीच त्याला विश्रांती!

तर दादा, तुमच्या भागात असं कुणी गाणारं म्हातारं माणूस असेल तर आत्ताच जाऊन सांगून या. त्यांना पॅकेजवाला बोलावणार नाही.

परभणीचं_ऊन

तुमी लोकं सगळं वेळेत होणार असं धरून बोलायलाव राव. आमच्याकडं पत्रिकेत मुहूर्त बारा वाजून पस्तीस मिनिटांचा असतो आणि बारा पस्तीसला नवरदेव मारुतीच्या पारावर घोड्यावर बसलेला असतो, परण्या निघायचाय, बँडवाल्यानं आत्ताच चहा सांगितलाय. तिथून मांडव दोन मिनिटांवर पण ते दोन मिनिट नाचत कापायला दीड तास. मग मांडवात आल्यावर सत्कार. सरपंच, माजी सरपंच, भावी सरपंच, सोसायटीचे चेअरमन, कुणाचे तरी साडू जे तालुक्याला काहीतरी आहेत. टोपी, टॉवेल, नारळ. माइकवाला नाव वाचतो आणि तो माणूस जेवायला बसलेला असतो, मग त्याला शोधा. तोपर्यंत लेकरांनी हातातल्या अक्षता एकमेकांच्या अंगावर मारून संपवलेल्या, परत वाटायला माणूस फिरतो.

पण खरं सांगू का मला तेच आवडतं. त्या दीड तासात माणूस सापडतो. मे महिन्याच्या उन्हात लिंबाच्या झाडाखाली सतरंजी टाकून बसलेले चार पाव्हणे, त्यातल्या एकाचा फेटा सुटलेला, दुसरा तो बांधून देतोय, तिसरा सोयाबीनच्या भावावर बोलतोय आणि चौथा झोपलाय. एका पोराचं स्थळ तिथंच ठरतं. आमच्या मोठ्या भावाचं अशाच एका लग्नात ठरलं, मुलीच्या मामाला आमच्या वडलांनी पाणी पाजलं एवढीच ओळख. वेळेत लागलेलं लग्न मी एकदाच बघितलं, शहरात होतं, आम्ही पोचायच्या आत हॉल दुसऱ्या पार्टीला दिला होता.

तवा दादा, कार्यालय घ्याच, पण पूर्ण दिवसाचं घ्या. तासावर घेऊ नका. आणि सत्काराची यादी कुणाच्या तरी चपलेखाली ठेवा.

शनिवारचा_वॉश

न्यू जर्सीहून लिहितेय. पुण्यातल्या भाच्याच्या लग्नाला जाता आलं नाही, व्हिसाचं काम अडकलं होतं, म्हणून लाइव्ह बघितलं. मुहूर्त दुपारी साडेबाराचा, हिवाळ्यात आम्ही साडेदहा तास मागे, म्हणजे रात्रीचे दोन. स्टेजवर लावलेला कॅमेरा छान होता, एकदम क्लिअर, आणि मला दहा मिनिटांत झोप यायला लागली. तेच ते, गुरुजी, अंतरपाट, हार, पुष्पवृष्टी. मग धाकट्या चुलतबहिणीने व्हिडिओ कॉल केला आणि म्हणाली चल तुला फिरवते. फोन हातात धरून ती नवरीच्या खोलीत गेली, तिथे मुंडावळ्यांची गाठ सुटली म्हणून चौघी सेफ्टी पिन शोधत होत्या. मग भटारखान्यात, तिथे जिलबीवाला आमच्यासाठी मुद्दाम एक मोठ्ठी जिलबी पाडून दाखवत होता. मग पायऱ्यांवर, जिथे आमचे ते एक काका, प्रत्येक लग्नात असतात तसे, चपलांच्या राखणीला बसून पेपर वाचत होते. मी स्वयंपाकघरात टेबलाशी बसून हसत होते आणि नवरा उठून आला, काय झालं म्हणून.

म्हणून एक काम कुणालातरी घरच्याच द्या, फोन घेऊन स्टेजपासून लांब फिरायचं. बाहेरगावच्या लोकांसाठी तर कराच पण नंतर तुम्हालाही तेच बघावंसं वाटेल.

आणि एक भांड्यांचं. आता "आहेर आणू नये" छापतात ते ठीकच आहे, सहा लेमन सेट कुणाला हवेत. पण माझ्याकडे इथे आईच्या लग्नातलं एक पितळी पातेलं आहे, त्यावर देणाऱ्याचं नाव आणि तारीख टोचून काढलेली, अक्षरं जरा वाकडी. नाव ज्यांचं आहे ते आमचे कोण लागतात हे आईलाही नीट सांगता येत नाही. रोज भाजी मी त्यातच करते. दोन-चार जवळच्यांना सांगा की पाकीट नको, एक वापरायचं भांडं द्या आणि नाव घालून द्या. बाजारात मशीनने नाव घालून देणारा अजून बसतो.

आसूड_नव्हे_रुमाल

आमच्याकडच्या लग्नाचं सांगतो, बघा काही घेण्यासारखं असेल तर. घरचे सत्यशोधक, पणजोबांपासून. जोतीरावांनी 24 सप्टेंबर 1873 ला पुण्यात समाज काढला आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला त्या पद्धतीचं पहिलं लग्न लागलं, भटजीशिवाय. लोकांना वाटतं असं लग्न म्हणजे रजिस्टर लग्नासारखं कोरडं. बिलकुल नाही! मांडव असतो, हळद असते, मंगलाष्टकं पण असतात, फक्त ती मराठीत, जोतीरावांनी लिहिलेली, आणि त्यातली नवरा-नवरीने एकमेकांना उद्देशून म्हणायची असतात. नवरी सगळ्यांसमोर सांगते की बायांना त्यांचे हक्क मिळत नाहीत, ते मिळवून द्यायची शपथ घे, आणि नवरा शपथ घेतो.

बहिणीच्या लग्नात तिने आधी आठवडाभर आरशासमोर पाठ केलं होतं आणि ऐनवेळी दाजीच विसरले. मागून त्यांच्या आईने ओळ पुरवली, सगळा मांडव हसला. समोर बसलेल्या प्रत्येकाला प्रत्येक शब्द कळत होता म्हणून कुणी मोबाइल बघत नव्हतं, अक्षता फेकायचं पण काही जण विसरले. आम्ही अक्षता तांदळाच्या नाही, फुलांच्या पाकळ्यांच्या केल्या होत्या, तांदूळ पोत्यात भरून वसतिगृहाला दिला.

तुम्ही तुमच्या पद्धतीने करा, ते वैयक्तिक आहे. पण एखादी गोष्ट तरी अशी ठेवा की जी नवरा-नवरीने स्वतःच्या तोंडाने म्हणायची आहे. उखाण्यापलीकडची. गुरुजींना आधी सांगितलं तर ते सप्तपदीचा अर्थ मराठीत सांगतात, हल्ली बरेच जण सांगतात, फक्त फोटोग्राफरला त्या वेळी मध्ये पाठ करून उभं राहू नको म्हणून बजावा.

तापीकाठ

@आसूड_नव्हे_रुमाल, फोटोग्राफरच्या पाठीबद्दल वेगळा धागा काढा, पाचशे प्रतिसाद होतील.

कृष्णाकाठचा

सगळ्यांचे आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. रविवारी गावी जाऊन बसलो आणि हे सगळं बाबांना वाचून दाखवलं. ते आधी हूं हूं करत होते, वरण-बट्टीच्या प्रतिसादाला मात्र चश्मा वर करून म्हणाले, परत वाच.

तर ठरलंय ते असं. कार्यालय आणि स्वयंपाक पॅकेजवाल्याकडेच, पूर्ण दिवस. धुरातून एन्ट्री रद्द, बहीण म्हणाली तिला तसाही दमा आहे. पिवळ्या सायकलवर मात्र ती अडून बसलीय, तिला फोटो हवाच आहे, असू दे, लग्न तिचं आहे. आदल्या दोन दिवसांचं सगळं घरी. जातं निघालं, गोठ्यात दावणीखाली होतं, घासून ठेवलंय. कासार आष्ट्याहून येतो म्हणालाय. गाणाऱ्या एक आजी वरच्या आळीत आहेत, ऐकू कमी येतं पण गाणं सुरू झालं की थांबत नाहीत म्हणे.

पहिली पंगत बसायची, बाकीचा बुफे. कार्यालयवाला म्हणाला पंगतीला वाढपी नाहीत, वाढपी जास्तीचे पैसे. म्हटलं वाढपी आमचे. पुण्याच्या दोन मित्रांना आणि तिच्या ऑफिसातल्या एका तमिळ मुलाला ओगराळ्याची प्रॅक्टिस द्यायचीय, तो मुलगा सगळ्यात उत्साही आहे, त्याच्याकडे पानावर वाढायची सवय घरचीच. खीर खपली गव्हाचीच, त्याचे गहू बाबा स्वतः बघून आणणारेत, गुळासकट. पहाटेचा चहा मी आणि दोन चुलतभाऊ. साखरेचा डबा कुठे असतो ते विचारून ठेवलंय.

आता एकच अडलंय. येत्या रविवारी बस्ता बांधायला सांगलीला जायचंय, मुलाकडची मंडळी थेट दुकानात येणारेत. जीपमध्ये माणसं बसतात नऊ आणि काल रात्रीपर्यंत "मी पण येते" म्हणणाऱ्या सतरा झाल्यात. त्यातल्या एकीलाही नाही म्हणायची सोय नाही, आणि मला वाटतं आत्याने अजून दोघींना सांगितलंय. काय करू?

मसालेभात_मठ्ठा

ट्रॅव्हलर करा. आणि निघायच्या आधी सगळ्यांना पोटभर नाश्ता घाला, नाहीतर दुसऱ्या शालूला भूक लागते आणि मग जो रंग समोर असेल तो पसंत होतो.

परभणीचं_ऊन

दुकानदाराला आधी फोन करा राव, त्याला पण नाश्ता करून बसू द्या.